बाळासाठी रव्याची मऊ खीर आणि पातळ उपीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ सहा महिन्यांचं होत आलं की घरात वरणाचं पाणी, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व आणि रव्याची खीर ही नावं निघायला लागतात. त्यातली रव्याची खीर करायला सोपी, पण बिघडायलाही तितकीच सोपी. गुठळ्या होतात, गार झाली की खळीसारखी घट्ट बसते, आणि मुख्य म्हणजे बाळाचं पोट भरतं पण त्या मानाने अंगी फारसं काही लागत नाही. रवा वाईट नाही, तो एकटा अपुरा पडतो. त्यात काय घालायचं आणि काय नाही, यावरच बहुतेक प्रश्न असतात.

रव्याची खीर कधीपासून द्यावी?

सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवसांनंतर. तोवर फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. बाळाने मान नीट धरलेली असावी, थोड्या आधाराने बसता यावं आणि तोंडात चमचा गेला की जिभेने घास लगेच बाहेर ढकलू नये. चौथ्या-पाचव्या महिन्यात 'आता वरचं सुरू करा, दूध पुरत नाही' असं घरातून कानावर पडतंच. वजन वाढत असेल आणि दिवसाला सहा-सात वेळा शू होत असेल, तर दूध पुरतंय. उष्टावणाचा दिवस धरताना सहा महिन्यांनंतरचा धरला की हा वाद आपोआप मिटतो. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर मात्र कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पहिला घास रव्याचाच असावा का?

असा नियम नाही. मऊ भात, मूगडाळीचं घट्ट वरण, कुस्करलेलं केळं, यातलं काहीही चालतं. माझं विचाराल तर आधी डाळ-भात पचू द्यावा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी रवा आणावा. पण उष्टावणाला रव्याची खीरच करायची रीत असेल तर बिघडत काही नाही. पहिल्या दिवशी चमचा-दोन चमच्यांपलीकडे बाळ खात नाहीच.

कोणता रवा घ्यायचा?

बारीक. उपम्याचा जाडा रवा शिजायला वेळ घेतो आणि दाणा तोंडात राहतो, तो आठव्या-नवव्या महिन्यानंतर. इडली रवा तांदळाचा असतो, त्याचं काम वेगळं. लापशीचा दलिया मात्र लक्षात ठेवा. त्यात गव्हाचा कोंडा शिल्लक असतो, रव्यात तो काढलेला असतो. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की कुकरला मऊ शिजवलेला दलिया रव्यापेक्षा सरस.

मूळ कृती सांगा.

पोह्याचा एक सपाट चमचा बारीक रवा घ्या आणि त्याच चमच्याने आठ ते दहा चमचे पाणी मोजून बाजूला ठेवा. एकाच चमच्याने मोजलं की चमचा लहान-मोठा असला तरी प्रमाण चुकत नाही.

जाड बुडाच्या लहान कढईत चहाचा अर्धा चमचा साजूक तूप घाला आणि रवा अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा. सुरुवातीला पळीला रवा जड, ओलसर लागतो. हळूहळू तो मोकळा होतो, कढईत सरसर वाजायला लागतो आणि खमंग वास सुटतो. तिथेच थांबा. मोठ्यांच्या शिऱ्यासाठी आपण पुढे बदामी रंग येईतो भाजतो. बाळासाठी तेवढं नको, कारण जास्त भाजलेला रवा कमी फुगतो आणि खिरीला करपट चव येते.

आता गॅस बंद करा. मोजलेलं पाणी, साधंच, उकळतं नाही, थोडं थोडं घालत ढवळा. सगळं एकजीव झालं की पुन्हा मंद आच लावा. उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं शिजवा आणि अधूनमधून पळी फिरवत राहा, नाहीतर बुडाला धरते. आटत चालली तर गरम पाणी घाला. दोन-तीन मिनिटांतच खीर दाट दिसायला लागते आणि झाली असं वाटतं, पण दाण्याचा गाभा तेव्हा कच्चाच असतो. थेंबभर खीर गार करून अंगठा आणि तर्जनीत चोळून बघा. कचकच लागली तर अजून शिजवा, लोण्यासारखी सरकली तर झाली.

गुठळ्या का होतात, आणि झाल्याच तर?

कडकडीत पाण्यात कोरडा रवा पडला की वरचे दाणे क्षणात शिजून चिकटतात आणि आतले कोरडेच अडकतात. तुपात भाजलं की प्रत्येक दाण्याला तुपाचा पातळ थर बसतो, त्यामुळे ते एकमेकांना लवकर चिकटत नाहीत. भाजायचं नसेल तर रवा गार पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून मग तसाच गॅसवर चढवा, तरीही गुठळी होत नाही. झाल्याच तर रवीने घुसळा, किंवा गाळणीत ओतून पळीच्या पाठीने दाबून काढा. अख्खी गुठळी बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

मिक्सरमधून काढावी का?

बारीक रव्याला गरज नाही. भाज्या घातल्या असतील तर सुरुवातीचे तीन-चार आठवडे फिरवून घ्या, नंतर फक्त कुस्करा. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत सगळं गुळगुळीतच दिलं, तर पुढे दाणा लागला की बाळ घास बाहेर काढतं.

किती पातळ असावी?

चमचा कलता केल्यावर घळकन सांडू नये, सावकाश ओघळावी. बाळाचं पोट मुठीएवढं. त्यात पाणीच भरलं तर अन्नाला जागा कुठून राहणार? वरणाच्या पाण्याचीही तीच गत आहे. पाणी पाजण्यापेक्षा डाळ कुस्करून द्या. खीर गार होताना घट्ट होतेच, म्हणून हवी त्यापेक्षा किंचित सैल असतानाच गॅसवरून उतरवा. वाटीत घट्ट झालीच तर उकळून कोमट केलेल्या पाण्याने सैल करा.

पाण्याऐवजी दुधात शिजवली तर?

पहिल्या वर्षात मुख्य दूध आईचं, ते शक्य नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं. गाईचं किंवा म्हशीचं दूध त्याच्या जागी पेलाभर पाजायला वर्षाच्या आत सुरू करू नये. त्यात लोह फार कमी असतं, आणि जास्त दिलं तर लहान बाळाच्या आतड्यातून नकळत थोडं रक्तही जाऊ शकतं. खिरीत शिजवताना दोन-चार चमचे गेले तर हरकत नाही. फक्त गहू आणि दूध एकाच दिवशी पहिल्यांदा देऊ नका. काही त्रास झाला तर कशामुळे ते कळत नाही.

आईचं दूध घालायचं असेल तर खीर कोमट झाल्यावर, अगदी भरवण्याआधी घाला. त्यात पिष्ट फोडणारं विकर असतं, त्यामुळे दाट खीरही थोड्या वेळात पातळ होते. 'खिरीला पाणी सुटलं' म्हणून टाकून देऊ नका, ती बिघडलेली नसते. पावडरचं दूध डब्यावरच्या प्रमाणात वेगळं तयार करून वरून मिसळा, खिरीबरोबर उकळू नका.

साखर, गूळ, मध, मीठ?

मध वर्षाच्या आत बिलकूल नको, बोटाला लावून चाटवायलासुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट त्यांना दाद देत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ती वाढून विष तयार करतात. उकळल्यानेही ती हमखास मरत नाहीत, म्हणून 'खिरीत शिजवलाय की' हे उत्तर चालत नाही.

साखर दोन वर्षांपर्यंत टाळा. गूळही त्यातच धरा. गुळात लोह असतं म्हणून बरेच जण घालतात, पण बाळाला झेपेल एवढ्या गुळातून मिळणारं लोह नगण्य आणि गोडाची सवय मात्र पक्की. गोडवा हवा तर पिकलेलं केळं, वाफवलेलं सफरचंद, चिकू, हंगामात हापूस. भिजवून उकडलेली खारीक वाटूनही घालता येते, पण तीही बेतानेच.

पहिल्या वर्षात मीठ वरून घालायची गरज नाही. लागेल तेवढं सोडियम दुधातून आणि अन्नातून मिळतं.

आजी म्हणतात, बिनमिठाचं अळणी कसं खाईल पोर?

ज्याने मीठ चाखलंच नाही त्याला अळणी म्हणजे काय हे ठाऊक नसतं. अळणी आपल्याला लागतं. आजींना नुसतं 'नको' म्हणण्यापेक्षा दुसरं काही सुचवा. जिऱ्याची पूड, चिमूटभर हळद, वेलची, तुपात परतलेल्या जिऱ्याचा वास यांनी घरातल्या चवीची ओळख होते आणि आजींचा हातही राहतो. जायफळाचा वास आला तर ठीक, पण शांत झोपावं म्हणून ते उगाळून वाढवत नेऊ नका. जास्त जायफळ बाळाला घातक ठरू शकतं.

रोज रव्याची खीर दिली तर चालेल?

रोज तेवढीच दिली तर नाही. पोह्याच्या चमचाभर रव्यात, म्हणजे साधारण १० ग्रॅममध्ये, जेमतेम ३५ कॅलरी असतात. चहाच्या एका चमचाभर तुपात त्याहून जास्त, ४५ च्या आसपास. वाटीभर दिसणाऱ्या खिरीत बरंचसं पाणीच असतं. रव्यात प्रथिनं आहेत, पण लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळीत तो भरपूर असतो.

लोहाचं दुखणं त्याहून मोठं. पोटात असताना आईकडून साठवून आणलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं, आईच्या दुधात ते थोडंच असतं आणि रव्यातही फारसं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार आपल्याकडे ६ ते ५९ महिन्यांच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांना रक्तक्षय आहे. म्हणून खिरीत रव्याबरोबर काय आहे, हे रोज बघायला हवं.

सगळ्यात सोपी जोडी मूगडाळीची. घरच्या वरणासाठी कुकर लावताना डाळ बिनमिठाची शिजवा, फोडणीआधी दोन चमचे बाळासाठी काढून घोटा आणि शिजलेल्या रव्यात घाला. त्यात लाल भोपळा किंवा गाजर वाफवून कुस्करलेलं, किंवा पालकाची चार पानं. उतरवल्यावर लिंबाचे तीन-चार थेंब, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे डाळी-भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. अंडं चालत असेल तर नीट उकडलेलं अंडं कुस्करून घाला, पिवळा आणि पांढरा दोन्ही. शेंगदाण्याचं कूट किंवा बदामाची पूड अगदी मऊ, पिठासारखी हवी, आणि पहिल्यांदा देताना पाव चमचाच. अख्खा दाणा, काजूचा तुकडा, बेदाणा लहान बाळाच्या घशात अडकू शकतो, तो खिरीवर सजावटीलाही नको.

सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह-फॉलिक ॲसिडच्या सिरपचा १ मिली डोस असतो. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत चौकशी करा. सिरप खिरीत मिसळू नका. बाळाने अर्धी वाटी सोडली की अर्धं औषधही गेलं.

उपीट कधी द्यायचं आणि कसं?

आठव्या-नवव्या महिन्यापासून. तुपात जिरं आणि हिंगाचा कण टाकून किसलेलं गाजर, बारीक चिरलेला टोमॅटो, सोललेले मटार घाला. मटार शिजले की बोटांनी दाबून चपटे करा, गोल राहू देऊ नका. मग भाजलेला रवा आणि पाच-सहा पट पाणी घालून झाकण ठेवून मऊ होईतो शिजवा. मोहरी, मिरची, अख्खा कढीपत्ता, हरभरा-उडदाची डाळ फोडणीत नको. ती कडक डाळच सगळ्यात आधी घशाला लागते. घरात सगळ्यांसाठी उपीट होत असेल तर मीठ-मिरची घालण्याआधी बाळाचं वेगळं काढून जास्त पाण्यात शिजवा, एकाच कढईत दोघांचं भागतं.

गव्हाची ॲलर्जी कशी ओळखायची?

पहिल्यांदा रवा द्याल तो सकाळी किंवा दुपारी, चमचाभर, आणि त्या दिवशी दुसरं काही नवीन नको. पुढचे दोन-तीन दिवस थोडं थोडं वाढवा. अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, लगोलग पुन्हा पुन्हा उलटी, ही लक्षणं बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. श्वास घेताना आवाज येत असेल, बाळ निळसर किंवा मलूल पडलं असेल तर घरी वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा. तोंडाभोवती नुसती लाली मात्र बऱ्याचदा लाळेची आणि पुसण्याची असते.

सीलिॲक हा आजार वेगळा. त्यात गहू सुरू केल्यावर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पोट फुगतं, जुलाब लांबतात, वजन थांबतं. शंका आली तर गहू आपल्या मनाने बंद करण्याआधी डॉक्टरांकडे जा, कारण गहू बंद असताना केलेल्या रक्ततपासणीत आजार लपून राहू शकतो. आणि ॲलर्जीच्या धास्तीने गहू वर्षभर पुढे ढकलण्यात काही फायदा नाही.

खीर सुरू केल्यापासून शी कडक होतेय.

रव्यात चोथा जवळजवळ नाही, त्यामुळे रोज तोच दिला तर असं होतं. आठवडाभर रवा कमी करून दलिया, पपई, पेर, वाफवलेली भाजी वाढवा आणि जेवणाबरोबर दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी द्या. कच्चं केळं टाळा. शीत रक्त दिसलं किंवा पोट टम्म फुगून उलट्या होत असतील तर मात्र घरगुती उपाय नकोत.

एका वेळी किती, दिवसातून कितीदा?

सहा ते आठ महिने: दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिने: तीन-चारदा, अर्धी वाटी. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. इथे वाटी म्हणजे २५० मिलीची, आपली आमटीची वाटी त्याहून लहान असते. या सगळ्यात रवा एखाद्याच वेळेला असावा, आणि दोन वर्षं किंवा त्यापुढेही आईचं दूध सुरू राहू द्या.

बाळ तोंड फिरवतं, रडतं. भरवायचं कसं?

तोंड फिरवलं म्हणजे पुरे. मोबाइल दाखवून चार घास जास्त गेले तरी भूक कळायची सवय मोडते. दुसऱ्या दिवशी तीच खीर पुन्हा समोर ठेवा. नवीन चव आठ-दहा वेळा समोर आल्यावर कुठे पटते. दात येताना आणि सर्दीत खाणं कमी होणारच, तेव्हा दूध जास्त वेळा पाजा. बाटलीच्या बुचात मोठं भोक पाडून खीर पाजण्याचा प्रकार अजून काही घरांत चालतो. तो नकोच, ठसका लागतो.

उरलेली खीर ठेवता येते का?

बाळाचा चमचा बुडालेली खीर टाकून द्या. लाळ मिसळली की ती लवकर नासते. भरवण्याआधीच वेगळी काढलेली असेल तर तासाभरात फ्रिजमध्ये आणि २४ तासांत संपवा. गरम करताना वाफ निघेपर्यंत गरम करा आणि एकदाच. मायक्रोवेव्हमध्ये कडा चटका बसेल इतक्या तापतात आणि मधला भाग गार राहू शकतो, तेव्हा नीट ढवळून मनगटावर थेंब टाकून बघा. खरं तर पंधरा-वीस मिनिटांची खीर, ताजीच करावी.

रव्यात जाळी किंवा किडे झाले तर?

बाळासाठी तो वापरू नका, चाळूनही नाही. पुढच्या वेळी थोडाच आणा, कोरडा भाजून पूर्ण गार करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. गरम असतानाच डब्यात भरला तर वाफ धरते आणि वास येतो. पावसाळ्यात तर महिनाभराचा रवा भरून ठेवूच नये.

बाजारातलं तयार मिश्रण चालेल?

पाकीट उलटं करून घटक वाचा. साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा दूध पावडर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ठेवून द्या. लोह घातलेलं, बिनसाखरेचं मिळालं तर अडीअडचणीला वाईट नाही.

प्रवासात थर्मासमधल्या गरम पाण्यात भाजलेला रवा भिजवला तर?

फुगतो, शिजत नाही. पाणी ओतताना थोडं गार होतंच आणि दाण्याचा गाभा कच्चा राहतो. त्यापेक्षा पिकलेली दोन केळी आणि एक स्वच्छ चमचा बरोबर घ्या.